कष्ट घटले, ताट तेच राहिले : दिंडोरी तालुक्यातील श्रम, आहार व वाढते वजन

नाशिकहून कळवणकडे जाणाऱ्या रस्त्याने दिंडोरीच्या शिवारात शिरले की दोन्ही अंगांस द्राक्षाचे मांडव सुरू होतात. येथील बागायतदार मोजमापाच्या बाबतीत फार दक्ष होय. मणी किती मिलिमीटर भरला, रसात साखर किती उतरली, देठ परीक्षणात पालाश किती आला, हे त्यास तोंडपाठ असते. मण्याचे माप घेण्याची भोकांची पट्टी त्याच्या खिशात असते. परंतु कमरेच्या पट्ट्याचे टोक गेल्या पाच वर्षांत किती भोके मागे सरकले, हे विचारले असता तो हसतो व चहा मागवितो.

हा हसण्यावारी नेण्याचा विषय राहिलेला नाही. मधुमेह व रक्तदाब हे शहरातील बैठ्या लोकांचे विकार, अशी आपली समजूत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक आहे व त्यांत खेड्यांतील लोकही मोठ्या संख्येने आहेत. गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यास त्यासाठी आकडे पाहावे लागत नाहीत. बैठकीला बसलेल्या मंडळींत जेवणाआधी गोळी घेणारे किती निघतात, एवढे पाहिले तरी पुरे.

श्रमाचा ताळेबंद

पन्नास-साठ वर्षांपूर्वी या तालुक्यातील शेतकरी कसा जगत होता, हे घरातील वृद्धांस विचारून पाहावे. मोटेवर पाणी काढावयाचे, रात्री-अपरात्री दारे धरावयाची, कोळपणी व मळणी बैलांच्या मागे चालून करावयाची, बाजारास पायी जावयाचे. घरातील स्त्रीने पहाटे जात्यावर दळण दळावयाचे, विहिरीवरून पाणी आणावयाचे आणि मग शेतावर जावयाचे. १९७० नंतरच्या काळात करंजवण, पालखेड, वाघाड ही धरणे झाली, विजेचे पंप आले, द्राक्ष पसरले. पुढे ठिबक आले, ट्रॅक्टरवरील ब्लोअरने फवारणी होऊ लागली, दारोदार मोटारसायकल आली. आता बागायतदाराचे कित्येक काम बसून, कळ दाबून वा दूरध्वनीवरून होते. छाटणी, विरळणी, काढणी ही अंगमेहनतीची कामे बहुतांशी पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या हाती गेली आहेत.

यात दोष कोणाचाही नाही. कष्ट कमी व्हावेत म्हणूनच तर आपण ही साधने आणली. जाते परत आणा, म्हणजे स्त्रियांची प्रकृती सुधारेल, असे व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांनी स्वतः आठ दिवस पहाटे उठून पायलीभर दळून पाहावे.

परंतु कष्ट कमी झाले, तर जेवणाचे माप बदलावयास हवे, आणि ते बदललेले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने व आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या मानांनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठे काम असल्यास दिवसास २,११० उष्मांक लागतात, मध्यम श्रमास २,७१० आणि जड श्रमास ३,४७०. स्त्रियांसाठी, ५५ किलो वजन धरून, हेच आकडे १,६६०, २,१३० व २,७२० असे आहेत. जड श्रम करणारा पुरुष बैठा झाला, तर त्याची गरज १,३६० उष्मांकांनी घटते. साठेक ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे २०० उष्मांक असतात. म्हणजे हा फरक सहा-सात भाकरींचा झाला! घरात वाढणारा हात मात्र मोटेच्या काळातील मापानेच वाढतो, आणि 'अजून एक घ्या' या आग्रहास नाही म्हणणे हा अपमान समजला जातो.

यातही भाकरीचा अपराध तसा थोडा आहे. अधिक भर पडते ती जेवणाबाहेरच्या खाण्याची. आपल्या तालुक्यात कोणाच्याही ओट्यावर गेले की चहा येतो व तो गोड असतो. साखर कारखानाही आपल्याच तालुक्यात आहे, तेव्हा गोडाचे वावडे कसे असणार? दिवसास सहा चहा व प्रत्येकी १० ग्रॅम साखर धरल्यास ६० ग्रॅम साखर झाली. तिचे २४० उष्मांक होतात. तेवढे खर्च करण्यासाठी मध्यम बांध्याच्या माणसास झपाझप सुमारे तासभर चालावे लागते. चहाबरोबर शेव वा भेळभत्ता, चौफुलीवर वडापाव, रविवारी तर्रीदार मिसळ, लग्नसराईत रोजची जेवणावळ, असा जमाखर्च मांडला की पोट कोठून आले याचा उलगडा होतो.

तालुका एक, परंतु प्रश्न दोन

येथे कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. दिंडोरीचा पूर्व भाग पाण्याखालचा व बागायती, तर ननाशीकडचा पश्चिम भाग डोंगराळ, पावसावर भात, नागली, वरई पिकविणारा व बहुतांशी आदिवासी आहे. बागायती गावात 'कमी खा' हा सल्ला योग्य असेल. डोंगरातील पाड्यावर तोच सल्ला देणे क्रूरपणाचे होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एक स्त्री प्रमाणापेक्षा हडकुळी आढळली, आणि चारांत जवळजवळ एक प्रमाणापेक्षा वजनदार. हे दोन्ही टोकांचे चित्र आपणास एकाच तालुक्यात, काही वेळा एकाच बागेत पाहावयास मिळते. मांडवाखाली घड कापणारी बाई आणि बांधावर उभा असलेला मालक, या दोघांस एकच आहारपत्रक देऊन भागणार नाही.

जुन्या काळचे लोक सडपातळ होते म्हणून ते निरोगी होते, असेही समजू नये. त्यांतील कित्येकांचे सडपातळपण हे अर्धपोटी राहिल्याचे होते. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेली मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्या पिढीने मुलांना भरल्या ताटाचे कौतुक शिकविले, यात नवल नाही. आग्रह मोडावयाचा असेल तर त्यामागची ही आठवण ध्यानी घेऊनच बोलावे.

बारीक दिसणारा माणूसही सुरक्षित असतोच असे नाही, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले. २००४ साली त्यांनी व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या लोकांत हातपाय काटकुळे व पोटात चरबी असा बांधा फार आढळतो, आणि मधुमेहाच्या दृष्टीने ही पोटातील चरबीच अधिक घातक असते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत आपल्या अधिक उपयोगाची आहे. भारतीयांकरिता पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या आत व स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या आत असावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. फीत विजारीच्या पट्ट्याच्या जागी धरावयाची नाही. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावयाचे.

झटपट उपायाचा एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने या भागात विस्तार कार्यात उमेदीची वर्षे घालविली. प्रारंभी सायकल होती, पुढे मोटारसायकल मिळाली आणि दहा वर्षांत कंबर ८४ वरून १०१ सेंटिमीटर झाली. एका परिचिताच्या सांगण्यावरून डबाबंद भुकटी आणली. सकाळी भुकटी, दुपारी काकडी, रात्री पुन्हा भुकटी, असा क्रम तीन आठवडे चालविला. वजन सात किलोंनी उतरले. लोकांनी वाहवा केली. दिवस गोडी छाटणीचे होते. एका बागेत छाटणीनंतर डोळ्यांवर पेस्ट लावण्याचे प्रात्यक्षिक देत असता अंधारी आली आणि मांडवाच्या अँगलला धरून खाली बसावे लागले. बागेच्या मालकाने गूळ-पाणी दिले. वडीलधारा माणूस तो; एवढेच म्हणाला, "साहेब, वेलीला डोळे ठेवून छाटायचं आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना?" होळीपर्यंत सात किलो परत आले आणि वर दोन किलोंची भर पडली.

असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. अन्न एकदम तोडले की शरीर केवळ चरबीच नव्हे तर स्नायूही जाळते. स्नायू घटले की शरीराचा रोजचा खर्च घटतो, भूक मात्र वाढते. जुना आहार सुरू होताच वजन वेगाने परतते, आणि ते स्नायूंच्या नव्हे, चरबीच्या रूपाने परतते. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत आठवड्यास अर्धा किलो एवढीच घट सुरक्षित मानली आहे, व वजन उतरविण्याचा कोणताही आहार दिवसास १,००० उष्मांकांच्या खाली जाऊ नये, असे बजाविले आहे.

आपल्याकडे अलीकडे दोन वेळच्या जेवणाची पद्धत बरीच रूढ झाली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तिचा प्रसार केला. तिने कित्येकांचे मधले खाणे व गोड चहा सुटला, हा लाभ मोठा आहे. परंतु जो इन्सुलिन वा साखर उतरविणारी गोळी घेतो, त्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण वगळू नये. साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. गरोदर व स्तनदा स्त्रिया, वाढती मुले आणि दिवसभर उन्हात राबणारा मजूर यांनी तर असे प्रयोग करूच नयेत. पद्धत कोणतीही असो, वर्षभर पाळता येईल तीच उपयोगाची. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ व्यक्तींवर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्निग्ध पदार्थ कमी करणारे आणि पिष्टमय पदार्थ कमी करणारे, या दोन्ही गटांची वर्षअखेरची घट जवळपास सारखीच निघाली. उपवासाविषयी तर बोलावयासच नको. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण साबुदाण्याची खिचडी पाहूनच कोणास तरी सुचली असावी.

ताटातील फेरफार

एकाच माणसासाठी निराळा स्वयंपाक हा बेत कोणत्याही शेतकरी घरात पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. त्याचा भार गृहिणीवर पडतो आणि ती स्वतः मात्र सर्वांच्या मागून, उरलेले संपवावयाचे म्हणून, भूक नसताही खाते. तेव्हा बदल करावयाचा तो घराच्या सामाईक भांड्यातच केला पाहिजे.

पोषण संस्थेने २,००० उष्मांकांच्या आहारासाठी दिलेले माप असे आहे : सर्व धान्ये मिळून २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम व तेल-तूप २७ ग्रॅम. आपल्या घरचे ताट याच्याशी ताडून पाहावे. धान्य दुप्पट, डाळ निम्मी आणि भाजी वाटीभर, असे बहुधा आढळेल. त्यातही बटाट्याची भाजी ही या मापात भाजी म्हणून धरलेली नाही. तेलाचे माप तर महिन्याच्या किराण्यावरून चटकन कळते. पाच माणसांच्या घरात महिन्यास सुमारे चार किलो तेल पुरावयास हवे. कार्यकर्त्यांनी गृहिणीस आहारशास्त्र सांगत बसण्यापेक्षा तेलाच्या पिशव्या किती लागतात, एवढे विचारावे.

नागलीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून नागली खाल्ली की वजन उतरते, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३२० उष्मांक असतात, गव्हाच्या कणकेतही तेवढेच. नागलीचे श्रेष्ठत्व निराळे आहे : तेवढ्याच नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सडलेल्या तांदळात १० मिलिग्रॅमही नसते. पांढऱ्या भाताच्या चौपट तंतू असल्याने भाकरी चावून खावी लागते, पोट भरल्याची जाणीव टिकते. म्हणून रात्रीच्या भाताच्या दुसऱ्या वाढीऐवजी नागलीची वा बाजरीची एक भाकरी, असा बदल हितकर आहे. परंतु भाताशिवाय वर भाकरी, हा बदल नव्हे. मैदा व साखर घालून केलेली नागलीची बिस्किटे तर वेष्टनावरच्या चित्रापुरतीच नागलीची असतात. आपल्याच तालुक्याच्या पश्चिम भागात पिकणारी नागली बागायती गावांनी सरळ उत्पादकाकडून घेतली, तर दोन्ही बाजूंच्या घरांचे हित साधेल.

भाजीची गोष्ट मात्र खेदाची आहे. दहा एकर बाग असलेल्या घरी मेथीची जुडी आठवडे बाजारातून येते! विहिरीजवळ वा घरामागे, बागेच्या फवारणीचा तुषार पोहोचणार नाही अशा जागी, एक गुंठा परसबागेस द्यावा. शेवगा, गिलके, दोडका, वाल, पालक, मेथी, तांदुळजा यांना सांडपाणी पुरते. हुलगा, मटकी, चवळी यांची उसळ आठवड्यातून चार वेळा व्हावी. ज्यांस चालते त्यांनी अंडी व मासे घ्यावेत. तालुक्याच्या लाडक्या फळाबाबत एवढेच, की १०० ग्रॅम द्राक्षे हे फळ होय आणि काढणीच्या दिवसांत तोंडात टाकता टाकता संपलेला किलोभर घड हे जेवण होय.

मांडवाखालची चाल

जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे श्रम सांगितले आहेत. शेतकऱ्याने त्यासाठी शहरातल्याप्रमाणे पैसे भरून यंत्रावर चालावे, हे काही पटत नाही. नऊ फूट अंतराच्या ओळी असलेल्या एका एकरात सर्व ओळींची लांबी मिळून सुमारे दीड किलोमीटर भरते. दोन एकरांतील प्रत्येक ओळ चालून पाहिली की तीन किलोमीटर झाले. मोटारसायकल बांधावर लावून पहिल्या चार वेली पाहून परतणाऱ्याच्या दृष्टीस केवडा पडतो तो पसरल्यावर. ओळीओळीने फिरणाऱ्यास तो पहिल्या पानावर दिसतो, आणि खोडावरील पिठ्या ढेकूणही. निरीक्षण करीत चालणे संथ होते, हे खरे. म्हणून जाताना पाहत जावे व येताना झपाझप यावे. धाप लागावी परंतु बोलता यावे, ही गती योग्य. फवारणी झालेल्या बागेत मात्र औषध वाळेपर्यंत व लेबलावरील मुदत संपेपर्यंत शिरू नये. स्त्रियांस शेतावर वा घरात काम पुष्कळ असते म्हणून त्यांस चालण्याची गरज नाही, ही समजूत सोडावी. दोघी-तिघींनी मिळून सायंकाळी निघावे, म्हणजे लोकांच्या नजरांचाही संकोच राहत नाही. स्नायूंसाठी बैठका, जोर व सूर्यनमस्कार ही आपल्या तालमींची देणगी आहेच. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवरून दहा वेळा हाताच्या आधाराविना उठणे, हाही चांगला व्यायाम होय.

सप्तशृंगीच्या गडावर २०१८ पासून ट्रॉली झाली आहे. वृद्धांची व आजाऱ्यांची तिने मोठी सोय केली. परंतु पंचविशीतील तरुण तिकिटाच्या रांगेत दिसतात, तेव्हा पायऱ्या कोणासाठी उरल्या, असा प्रश्न पडतो.

वजन फारसे उतरले नाही म्हणून निराश होऊ नये, याला आपल्याच देशातील पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला दिला, त्यांतील शंभरांमागे ५५ जणांस तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास चालणे आणि साखर, तेल व सडलेले धान्य कमी करणे या गोष्टी नेटाने करवून घेतल्या, त्यांत हे प्रमाण ३९ वर आले. विशेष हे, की या लोकांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते.

उलट, काही न करता वजन झरझर उतरू लागले, तहान व लघवी वाढली, अथवा खोकला दोन आठवडे हटेना, तर ती आनंदाची बाब नव्हे. मधुमेह वा क्षय यांची तपासणी तत्काळ करून घ्यावी. चालताना छातीत दुखल्यास लगेच थांबावे व दवाखाना गाठावा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब व साखर तपासणी गावच्या आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशा ताई घरी येऊन कमरेचे माप विचारतात, त्यांस हसून परत पाठवू नये.

प्रारंभ केव्हा करावा, असे पुष्कळजण विचारतात. जानेवारी ते मार्च काढणीची धांदल असते, एप्रिलात खरड छाटणी व लग्ने. आषाढ लागला की हाताशी थोडा वेळ येतो, तेव्हा आरंभ करणे सोयीचे. चहाची साखर मात्र आजच निम्मी करता येते. निर्यातीच्या बागेसाठी फवारणीची नोंदवही आपण ठेवतोच. तिच्या शेवटच्या पानावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेस घरातील प्रत्येक प्रौढाच्या कमरेचे माप लिहावे. प्रस्तुत लेखकाच्या वहीत पहिली नोंद १०३ ची आहे, अडीच वर्षांनंतरची ताजी नोंद ९४ ची. मधल्या दोन दिवाळ्यांत ती वर चढली होती, तीही तशीच लिहून ठेवली आहे.